नोमा : सोकोटोचा आजार आणि गोवंडीचा गोवर

नायजेरियाच्या वायव्येला सोकोटो हे शहर आहे. उस्मान दान फोदिओ यांच्या खिलाफतीची ही राजधानी, आजही बहुसंख्य वस्ती मुस्लिमांची. इथल्या एका रुग्णालयात 1999 पासून नोमा झालेल्या मुलांवर उपचार होतात. कुणाचा गाल गेलेला, कुणाचा ओठ, कुणाचं नाक. काहींचा जबडा असा आवळलेला की घास तोंडात जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 15 डिसेंबर 2023 रोजी नोमाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतलं. ही मागणी नायजेरियानेच लावून धरली होती. आता संशोधनाला आणि उपचाराला पैसा मिळण्याची वाट थोडी मोकळी झाली. पण इतका जुना आजार, तर 2023 का उजाडावं लागलं?

कारण हिशेबच नाही. उपचार न मिळालेल्यांपैकी 90 टक्क्यांपर्यंत मुलं दगावतात, बहुतेक दवाखान्यात पोहोचण्याआधीच. वाचलेल्यांना घरचे लोक लाजेपोटी दडवून ठेवतात. कुणी शाप म्हणतं, कुणी जिन्नाची बाधा. खरं तर नोमा एकापासून दुसऱ्याला होतही नाही. लहानपणी त्यातून वाचलेल्या मुलिकत ओकनलावोन आज सोकोटोच्या त्याच रुग्णालयात काम करतात आणि जगभर याबद्दल बोलतात. यादीच्या लढाईत अशा चेहऱ्यांचं वजन आकड्यांपेक्षा जास्त पडलं, असं मला वाटतं.

आजार सुरू होतो हिरडीपासून. हिरडी सुजते, रक्त येतं, तोंडाला घाण वास येतो. मग गाल फुगतो आणि काही दिवसांतच मांस काळं पडून झडू लागतं, हाडापर्यंत. सुरुवातीला डॉक्टरांनी दिलेलं साधं, स्वस्त अँटिबायोटिक, तोंडाची स्वच्छता आणि पोटभर सकस अन्न एवढ्यावर तो थांबतो. उशीर झाला तर वर्षानुवर्षं शस्त्रक्रिया. युरोपातही नोमा होता. लोकांना नीट खायला मिळू लागलं तसा तो गेला, अँटिबायोटिक येण्याच्या आधीच. पुन्हा दिसला तो नाझींच्या छळछावण्यांत, उपासमारीने खंगलेल्या मुलांमध्ये.

आपल्याकडे नोमाच्या नोंदी तुरळक आहेत, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण तो कुणाला गाठतो ते पाहा : साधारण 2 ते 6 वर्षांची, कुपोषित, नुकतीच गोवर किंवा मलेरियातून उठलेली मुलं. 2022 च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवरची साथ आली. मुलं दगावली. आजारी पडलेल्यांत लस न घेतलेली मुलं मोठ्या संख्येने होती. दाटीवाटीची घरं, अपुरं पाणी, अर्धपोटी मुलं, हे सगळं या वस्त्यांत आहेच. इमाम आणि उलेमांची मदत घेऊन लसीचं आवाहन झालं, चांगलंच झालं. मात्र साथ आली की आवाहन आणि गेली की सामसूम, असं चालणार नाही.

गोवरची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. पहिला डोस 9 महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. आणि गोवरातून उठलेल्या अशक्त मुलाच्या हिरडीतून रक्त येत असेल, तोंडाला वास येत असेल, तर हळद-मीठ लावून वाट बघत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.