तुमच्या हॉटेलसाठी अ‍ॅप बनवू नका!

आयटीत असल्यामुळे ओळखीतले हॉटेलवाले मला हमखास विचारतात, "आम्हाला एक अ‍ॅप बनवून दे की!" माझं उत्तर ठरलेलं आहे : नको. मिसळीच्या एका प्लेटसाठी कोणी मोबाईलमध्ये वेगळं अ‍ॅप टाकून ठेवत नाही. पण म्हणून सगळा धंदा झोमॅटो-स्विगीच्या हवाली करायचा? तेही नको.

आधी हिशोब बघू. धरून चला की बिल ३०० रुपयांचं झालं. कमिशन २५ टक्के धरू (करारागणिक कमी-जास्त असतं), म्हणजे ७५ रुपये. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १३.५०. पाच टक्केवाल्या हॉटेलांना याचं इनपुट क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे तेही गेलेच. किराणा-भाजी १०५, भाडं-पगार-गॅस-वीज ९०, डबा-पिशवी १५. उरला दीड रुपया! त्यात मालकाच्या खिशातून 'खास सूट' दिली की कल्याणच.

पण यात एक गंमत आहे. भाडं आणि पगार ऑर्डर आली नाही तरी द्यावेच लागतात. म्हणजे दुपारी चार वाजता आचारी बसून असताना अ‍ॅपवरून ऑर्डर आली, तर त्या खर्चापोटी ९१.५० रुपये तरी सुटतात. तीच ऑर्डर रविवारी दुपारी एक वाजता आली आणि तिच्यामुळे बाहेर उभा असलेला माणूस कंटाळून निघून गेला, तर मात्र कमिशनचा सगळा पैसा वाया! म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की गर्दीच्या वेळी अ‍ॅप सरळ बंद ठेवा आणि रिकाम्या वेळी चालू करा. मेनूही आटोपशीर ठेवा. डब्यात अर्ध्या तासाने मऊ पडणारा डोसा तिथे विकूच नका.

दुसरं म्हणजे ग्राहकाचा नंबर. खरी गोम इथे आहे. ऑर्डर कोणी दिली, पुन्हा कधी दिली, काय आवडलं, ही सगळी माहिती अ‍ॅपवाल्यांकडे. मालकाला बहुतेक वेळा फोन नंबरही कळत नाही. आमच्या धंद्यात एक साधं गणित आहे : डेटाबेस ज्याचा, गिऱ्हाईक त्याचं. तेव्हा अ‍ॅपकडे रस्त्यावरच्या जाहिरातीच्या फलकासारखं बघा. पहिल्यांदा माणूस फलक बघून येईल, ठीक आहे. दुसऱ्यांदा त्याने थेट फोन करायला हवा.

त्यासाठी कोडिंग लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर फोटो-दरासकट मेनू टाका, पैसे यूपीआयने घ्या, गूगल मॅपवर वेळ आणि नंबर बरोबर ठेवा. काउंटरवर येणाऱ्याला विचारून नंबर घ्या (न विचारता रोज गुड मॉर्निंग पाठवू नका, प्लीज!). आसपासच्या दोन किलोमीटरसाठी स्वतःचा एक मुलगा आणि एक सायकल पुरते. कमिशन वाचलं की थेट मागवणाऱ्याला थोडं स्वस्त देता येतं. मात्र तुमच्या करारात 'दुसरीकडे कमी दर लावायचा नाही' अशी अट आहे का, ते आधी वाचा. रेस्टॉरंट असोसिएशनच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये या दोन्ही कंपन्यांच्या चौकशीचा आदेश दिला, त्यात या अटीचाही मुद्दा होता.

कोणी म्हणेल, एवढी उठाठेव कोण करणार? मान्य आहे, भट्टीसमोर उभं राहून मोबाईल सांभाळणं सोपं नाही. पण ऑगस्ट २०१९ मध्ये सवलतींना वैतागून शेकडो हॉटेलं अ‍ॅपवरच्या योजनांमधून बाहेर पडली, तेव्हाही प्रश्न हाच होता : बाहेर पडल्यावर गिऱ्हाईक आपल्या मागे येईल का? ज्याच्या वहीत नंबर आहेत, त्याच्या मागे येईल. बाकीच्यांना निमूट परत जावं लागेल.

असो. अ‍ॅपचे पैसे वाचले, आता एक वही घ्या.