सहवासाची गोडी

रुची शिकविता येते काय, हा प्रश्न आम्हां शिक्षकांना नेहमीच पडतो. अमेरिकेतील ‘कंट्री’ संगीताचा इतिहास या बाबतीत उद्बोधक आहे. नॅशव्हिलच्या ‘डब्ल्यू.एस.एम.’ नभोवाणी केंद्रावर १९२५ साली सुरू झालेला ग्रामीण गीतांचा कार्यक्रम पुढे ‘ग्रँड ओल ऑप्री’ म्हणून गाजला. १९३० च्या सुमारास मोटारींत रेडिओ आले. मध्यम लहरी रात्री दूरवर जात असल्याने शनिवारी शेकडो मैलांवरील रस्त्यांवरही तीच गाणी घुमत. कळ वडिलांच्या हाती. मागे बसलेल्या मुलांना निवड कोठली? आधी कंटाळा, मग सवय, अखेर जिव्हाळा! उपदेशाची गरजच पडली नाही. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या आपल्या मुलांना मराठी गाण्यांची गोडी लागावयास हवी असेल, तर ती प्रथम आपणच आवडीने ऐकली पाहिजेत, असे आम्हांस वाटते.