विंचवाचं बिऱ्हाड आणि वसुलीची सहल

घर सोडताना घर बरोबर घेऊन निघणं, याला आपल्याकडे विंचवाचं बिऱ्हाड म्हणतात. अमेरिकेत त्याला कँपर म्हणतात आणि त्यासाठी बँक कर्ज देते. मोटारीच्या मागे जोडलेली ही चाकांवरची खोली. आत गादी, शेगडी, मोरी, सगळं. न्यू जर्सीतल्या आमच्या पुतण्याने असं एक बिऱ्हाड घेतलं आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याने आखलेल्या सहलीबद्दल, आणि अशाच सहली आखणाऱ्या तमाम मराठी मंडळींबद्दल.

ही मंडळी सहल आखतच नाहीत, वसुली आखतात. महाबळेश्वरला एका दिवसात बारा पॉइंट 'करणारी' आणि तेरावा राहिला म्हणून टॅक्सीवाल्याशी भांडणारी जी जात, तीच ही. पुतण्याचा बेत असा : व्हर्जिनियात फ्रंट रॉयलला स्कायलाइन ड्राइव्हवर चढायचं. तो १०५ मैलांचा रस्ता संपतो तिथेच ब्लू रिज पार्कवे सुरू होतो, तो ४६९ मैल. एकूण ५७४. "काका, दोन दिवसांत आरामात होतो!"

आराम हा शब्द इतक्या निर्दयपणे वापरलेला मी ऐकला नव्हता. स्कायलाइन ड्राइव्हवर वेगाची मर्यादा ताशी ३५ मैल, पार्कवेवर ४५. नुसता भागाकार केला तरी साडेतेरा तास होतात; तेही कुठेही न थांबता, आणि मर्यादा म्हणजेच सरासरी असं धरून. वळणावळणाच्या डोंगरी रस्त्यावर मागे खोली बांधून हा वेग कोण राखणार? मागच्या सीटवर वहिनी आहेत, वय बहात्तर. त्यांचे गुडघे त्या कागदावर कुठेच नाहीत.

बरं, हा रस्ता तरी कसला? पार्कवेचं काम १९३५ साली सुरू झालं आणि १९८७ साली पुरं झालं. बावन्न वर्षं! ग्रँडफादर माउंटनच्या कुशीतला शेवटचा तुकडा बांधताना डोंगर फोडायचा नाही म्हणून कडेकडेने पूलच नेला. बांधणाऱ्यांनी एका डोंगराचा एवढा मान राखला, आणि आमचे चिरंजीव ते बावन्न वर्षांचं काम दोन दिवसांत उरकणार!

घाई एरवी नुसती वेडेपणाची असते. मागे कँपर असला की ती धोक्याची होते. उतारावर ती खोली मोटारीला मागून ढकलत असते. गाडी थांबायला नेहमीपेक्षा जास्त अंतर लागतं आणि सारखा ब्रेक दाबला तर तो तापून निकामी होऊ शकतो. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा, हे शहाणपण आपल्या घाटातल्या ट्रकवाल्यालाही ठाऊक असतं. पण ज्याला संध्याकाळपर्यंत तीनशे मैल गाठायचे आहेत, त्याला खालचा गिअर सुचत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की, आधी मुक्काम ठरवावेत, मग मैल मोजावेत. दिवसाला शंभर मैलांच्या आसपास थांबावं. पहिली रात्र ५१व्या मैलावर बिग मेडोज. मात्र वाटेत मेरीज रॉकचा बोगदा आहे, उंची १२ फूट ८ इंच. तेव्हा बिऱ्हाडाची उंची टपावरच्या एसीसकट घरीच मोजावी. पुढे पार्कवेच्या ८६व्या मैलावर पीक्स ऑफ ऑटर. ही मजल १४० मैलांची, जरा लांब पडते. म्हणून तिथे दोन रात्री राहावं. या सरकारी तळांवर कँपरला वीजपाण्याची जोडणी नसते, तेव्हा टाकी आधीच भरून न्यावी. पार्कवेवर पेट्रोल मिळत नाही, त्यासाठी खाली गावात उतरावं लागतं. शिवाय रस्ता उघडा आहे का, हे निघण्याआधी पाहावं. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने नॉर्थ कॅरोलायनात याच पार्कवेची कशी दाणादाण उडवली, हे तिकडच्यांना सांगायला नको.

आणि मुक्कामाला उजेडी पोचावं. कँपर मागे घेणं ही विद्या उलटी आहे : हात स्टिअरिंगच्या तळाशी धरून जिकडे न्याल, तिकडे खोली वळते. हा धडा अंधारात, भुकेल्या पोरांसमोर आणि "अहो, थांबा! थांबा म्हटलं ना!" या पार्श्वसंगीतावर गिरवल्याने अनेक सुखी संसारांत रात्रीपुरता अबोला आलेला आहे.

तुम्ही म्हणाल, सुट्टी मोजकी असते, पुन्हा येणं होत नाही. मान्य. मग रस्ता कापा ना, वेळ कशाला कापता? पाचशे चौऱ्याहत्तरातले दोनशे मैल बघा. उरलेले तीनशे चौऱ्याहत्तर कुठे पळून जात नाहीत. घाईने बघितलेले मात्र नक्की पळतात. घरी आल्यावर त्यांतला एकही आठवत नाही, नुसते फोटो उरतात आणि त्यांतला डोंगर कुठला यावर वाद होतात.

विंचू बिऱ्हाड पाठीवर घेतो ते कुठेही थांबता यावं म्हणून. घर बरोबर असण्याचा फायदाच तो! ज्याला थांबायचंच नाही, त्याने विमानाचं तिकीट काढावं. निदान वहिनींना खिडकी तरी मिळेल.