स्लेजवरचे दगड

भूगोलाच्या शिक्षकांसाठी डिसेंबर हा दक्षिण ध्रुवाचा महिना. १४ डिसेंबर १९११ रोजी रोआल्ड आमुंडसेन ध्रुवावर पोचला. १ डिसेंबर १९५९ रोजी बारा देशांनी अंटार्क्टिक करारावर सह्या केल्या. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय तुकडी ‘पोलर सर्कल’ या नॉर्वेच्या जहाजाने गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारीला अंटार्क्टिकावर उतरली. या तारखा फळ्यावर लिहायच्या, पेंग्विन दक्षिणेचा आणि पांढरे अस्वल उत्तरेचे हे पाठ करून घ्यायचे, की पाठ संपला. आपल्यापैकी अनेक जण हा विषय असाच शिकले आणि त्यांनी तो असाच शिकवला. पण ध्रुवप्रदेशांबद्दल आज जे माहीत आहे, ते माणसांनी मोजून, खोदून, ओढून आणून सिद्ध केले आहे. मुलांपर्यंत पोचायला हवे ते हे सिद्ध करणे.

आमुंडसेन आणि स्कॉट यांच्या शर्यतीची गोष्ट मुलांना आवडते. आवडू द्यावी. मात्र ती कोण जिंकले इथे थांबू नये. १२ नोव्हेंबर १९१२ रोजी शोधपथकाला स्कॉटच्या तुकडीचा तंबू सापडला. आत स्कॉट आणि त्याचे सोबती विल्सन व बॉवर्स यांचे मृतदेह होते आणि अन्नाचा मोठा साठा तिथून जेमतेम २० किलोमीटरवर होता. त्यांच्या स्लेजवर सुमारे १६ किलो दगड होते. परतीच्या वाटेवर ८ फेब्रुवारीला बिअर्डमोर हिमनदीच्या कडेला, माउंट बकलीखाली, ते विल्सनने गोळा केले होते. शिधा तुटपुंजा होता, आणखी एक सोबती एडगर इव्हान्स खचत चालला होता, तरीही तो दिवस त्यांनी दगड पाहण्यात घालवला आणि पुढचे सहा आठवडे हे ओझे स्वतः ओढले. ते टाकून द्यायला हवे होते का, यावर वर्गात वाद होऊ द्या. शिक्षकाने निकाल देण्याची घाई करू नये.

वाद झाला की मग सांगायचे, त्या दगडांत काय होते ते. त्यांत जिभेच्या आकाराच्या, मधोमध ठळक शीर असलेल्या पानांचे ठसे होते. वनस्पतीचे नाव ग्लॉसोप्टेरिस, वय सुमारे पंचवीस कोटी वर्षे. जिथे आज गवताची काडी उगवत नाही, तिथे एकेकाळी झाडी होती. आणि हेच पान आपल्याकडे सापडते. नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्या परिसरात असे ठसे जमवले, आणि चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये नागपूरच्या जीवाश्म वनस्पतींचे वर्णन छापले. चंद्रपूर-बल्लारपूरचा कोळसा याच वनस्पतींच्या काळातला. नागपूर आणि बिअर्डमोर हिमनदी एका पानाने जोडली जातात, हे कळल्यावर गोंडवन खंड ही पुस्तकातली रिकामी जागा राहत नाही.

याला आणखी एक धागा आहे, तोही ध्रुवाकडेच जाणारा. स्कॉट ध्रुवावर पोचला १७ जानेवारी १९१२ ला. त्याच्या अकरा दिवस आधी, ६ जानेवारीला, आल्फ्रेड वेगेनर याने फ्रँकफुर्टला भूखंड सरकतात ही कल्पना पहिल्यांदा मांडली. ग्लॉसोप्टेरिस हा पुढे त्याच्या पुराव्यांपैकी एक ठरला. भूशास्त्रज्ञांनी त्याचे म्हणणे सर्वसाधारणपणे मान्य करायला १९६० चे दशक उजाडले. वेगेनर स्वतः ध्रुवीय संशोधक होता आणि १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फावरच मरण पावला. साधारण महिन्याभराच्या अंतराने वेगेनर आणि विल्सन ही दोन माणसे दोन टोकांना एकाच कोड्याचे तुकडे हाताळत होती आणि दोघांना एकमेकांच्या कामाची कल्पना नव्हती, हे ऐकताना सातवीतली मुलेही सरसावून बसतात. विदर्भातल्या शिक्षकांनी जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात विचारून पाहावे. खरा ठसा हातात घेऊन पाहिलेले मूल तो विसरत नाही.

जिथे दगड मिळणार नाही तिथे सावली आहे. पृथ्वीगोलावर बुलढाण्यावर बोट ठेवा आणि रेखावृत्त न सोडता ते सरळ दक्षिणेला सरकवा. कोचीच्या आसपास बोट समुद्रात उतरते आणि पुढे अंटार्क्टिकापर्यंत जमीन लागत नाही. जिथे लागते, तिथे लार्समान टेकड्यांवर भारताचे ‘भारती’ हे संशोधन केंद्र आहे. दोन्ही ठिकाणे ७६ अंश ११ मिनिटे पूर्व रेखांशाच्या आसपास. दोन्हींच्या अक्षांशांत जवळजवळ ९० अंशांचे अंतर, म्हणजे पृथ्वीच्या परिघाचा चौथा हिस्सा, सुमारे १०,००० किलोमीटर.

आता २२ डिसेंबरचा विचार करा. रेखांश एकच, म्हणून मध्यान्हही एकाच क्षणी, भारतीय वेळेनुसार साधारण १२ वाजून २४ मिनिटांनी. सूर्य तेव्हा मकरवृत्तावर असतो, म्हणजे या दोन ठिकाणांच्या जवळजवळ मध्यावर. बुलढाण्यात तो दक्षिणेकडे सुमारे ४६ अंश वर दिसेल, भारतीवर उत्तरेकडे सुमारे ४४ अंश. एक मीटरच्या काठीची सावली बुलढाण्यात ९७ सेंटिमीटर, भारतीवर १०३. एक सावली उत्तरेला, दुसरी दक्षिणेला. शिवाय भारतीवर त्या दिवशी सूर्य मावळतच नाही. मग बुलढाण्यात हरभरा आणि तिथे बर्फ का? हा प्रश्न विचारून शिक्षकाने गप्प बसावे. ताजा हिमथर सूर्यप्रकाशाचा बहुतेक भाग परत फेकतो, खंड सरासरीने दोन हजार मीटरहून अधिक उंच आहे, आणि हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही. एकेक कारण मुले शोधून काढतात. ‘ध्रुवांवर सूर्यकिरणे तिरपी पडतात’ हे वाक्य बरोबर असले तरी त्या वाक्याने एवढ्या मोठ्या प्रश्नाचे उत्तर होत नाही.

इतिहास शिकवणाऱ्यांसाठी जॉन फ्रँकलिन आहे. १८४५ मध्ये तो दोन जहाजे घेऊन उत्तरेला गेला आणि सर्वच्या सर्व १२९ जण नाहीसे झाले. १८५४ मध्ये जॉन रे याने इन्युइट लोकांकडून ऐकलेली हकीकत कळवली, की ती माणसे उपासमारीने मेली आणि शेवटी त्यांनी आपल्याच मृत सोबत्यांचे मांस खाल्ले. लंडनने रेला बोल लावला. चार्ल्स डिकन्ससारख्या लेखकाने इन्युइटांची साक्ष विश्वासार्ह नाही असे लिहिले. पुढे हाडांवर कापल्याच्या खुणा मिळाल्या, आणि २०१४ मध्ये ‘एरेबस’, २०१६ मध्ये ‘टेरर’ ही जहाजे सापडली ती इन्युइटांनी जपलेल्या माहितीच्याच आधाराने. आमुंडसेन याच बर्फात नेट्सिलिक इन्युइटांकडून कातडी कपडे आणि कुत्र्यांची स्लेज शिकला होता. उत्तर ध्रुवप्रदेशाचा ‘शोध’ शिकवताना तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे वर्गात आलीच पाहिजेत.

ध्रुवांवरच्या बर्फाबद्दलचा एक गोंधळ मात्र लगेच दूर करावा. समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळला की पाण्याची पातळी वाढत नाही, जमिनीवरचा वितळला की वाढते. दोन पेले, थोडा बर्फ आणि एक दगड एवढ्यावर तासाभरात हे दाखवता येते.

आणि मुलींसमोर अदिती पंत यांचे नाव घ्यावे. जन्म नागपूरचा, घराणे औंधचे, पदवी पुणे विद्यापीठाची, काम गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत. १९८३ मध्ये तिसऱ्या मोहिमेत त्या आणि भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकावर गेल्या. भारतीय मोहिमेतून तिथे जाणाऱ्या या पहिल्या स्त्रिया. त्याच मोहिमेत ‘दक्षिण गंगोत्री’ उभे राहिले, जे पुढे बर्फाखाली गाडले गेले. आजही भारताच्या ध्रुवीय संशोधनाचे मुख्यालय वास्कोत आहे, आणि ध्रुवप्रदेशातून आणलेले बर्फाचे गाभे तिथल्या शीतकक्षात उणे वीस अंशांत जपून ठेवलेले असतात.

तेव्हा या २२ डिसेंबरला सर्व शाळांना एक विनंती. एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करा, बारापासून पाऊणपर्यंत दर पाच मिनिटांनी सावली मोजा आणि सर्वांत आखूड सावली, तिची वेळ व गावाचे नाव आम्हाला कळवा. सावंतवाडीला ती ८२ सेंटिमीटरच्या आसपास यावी, नंदुरबारला ९९ च्या. दोन गावांच्या सावल्यांतला फरक आणि त्यांच्यातले दक्षिणोत्तर अंतर यांवरून पृथ्वीचा परीघ काढता येतो, ते गणित आठवी-नववीच्या मुलांनी स्वतः करून पाहावे. आलेली सर्व मापे फेब्रुवारीच्या अंकात भारतीच्या मापाशेजारी नकाशावर मांडू. माप चुकले असेल तरी खोडून नीट करू नका, आहे तसेच पाठवा आणि कुठे चुकले असावे याबद्दल मुलांचे म्हणणे सोबत लिहा.