गजकर्णाची ट्यूब विकत घेताय? आधी मागची बाजू वाचा

उन्हाळा सुरू झाला की अक्कलकोटला माझ्याकडे जांघेत, कमरेला, काखेत लाल गोल चट्टे घेऊन येणारे रुग्ण वाढतात. बोलणारा मराठी असो वा कन्नड, नाव एकच सांगतो: गजकर्ण. बहुतेकांच्या पिशवीत अर्धवट वापरलेल्या दोन-तीन ट्यूब असतात. तक्रारही ठरलेली. "डॉक्टर, लावली की दोन दिवसांत खाज जाते. बंद केली की दुप्पट येते."

ट्यूब उलटी करून घटक वाचले की उत्तर मिळते. बुरशीच्या औषधासोबत त्यात क्लोबेटासोल, बीटामेथासोन किंवा बेक्लोमेथासोन असे स्टेरॉइड असते, काही ट्यूबमध्ये प्रतिजैविकही.

स्टेरॉइड बुरशी मारत नाही. ते त्वचेची प्रतिकारशक्ती दाबते, म्हणून लाली आणि खाज कमी होते. तुम्हाला वाटते आजार बरा झाला. प्रत्यक्षात बुरशी निवांत पसरत असते. चट्ट्याची कडा पुसट होते आणि कधी कधी डॉक्टरांनाही आजार ओळखू येत नाही. जांघेतली त्वचा पातळ होऊन पडलेले पांढरे वळ तर कायमचे राहतात.

यापेक्षा मोठी काळजी वेगळी आहे. आपल्या देशात फोफावलेल्या एका बुरशीला २०२० मध्ये 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' हे नाव मिळाले. एकेकाळी हमखास लागू पडणारे टर्बिनाफिन अनेकदा तिच्यावर चालत नाही. आता ती युरोप-अमेरिकेतही सापडते. तिच्या प्रसाराला स्टेरॉइड-मिश्रित मलमांच्या बेसुमार वापराने हातभार लावला, असे अनेक त्वचारोगतज्ज्ञांना वाटते. मलाही तसेच वाटते.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड्स 'शेड्यूल एच'मध्ये घातली. म्हणजे चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरीही "गजकर्णाची ट्यूब द्या" म्हटले की हातात ट्यूब पडते. पण फक्त दुकानदाराला दोष देऊन चालणार नाही. रुग्णाला लगेच आराम पडावा म्हणून आम्ही डॉक्टरही कधी कधी अशी ट्यूब लिहितो. माझ्या मते, गजकर्णावर मिश्र मलम लिहिणे आता बंदच व्हायला हवे.

मग काय करावे?

- फक्त बुरशीचे औषध असलेले मलम वापरा: क्लोट्रिमॅझोल, ल्युलिकोनॅझोल यांसारखे. कोणते आणि दिवसातून किती वेळा लावायचे, हे डॉक्टरांना विचारा.
- चट्ट्याच्या बाहेरही दोन बोटे रुंदीपर्यंत लावा. बुरशी कडेकडेने पसरते.
- चट्टा दिसेनासा झाल्यावरही साधारण दोन आठवडे लावत राहा. इथेच बहुतेक जण चुकतात.
- टॉवेल आणि अंतर्वस्त्रे वेगळी ठेवा, गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवा. घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यांचेही उपचार एकाच वेळी करा.
- चट्टे खूप पसरले असतील, डोक्यात किंवा नखांत असतील, तर नुसत्या मलमाने भागत नाही. गोळ्या लागतात आणि त्या तपासूनच घ्याव्यात.

योग्य मलमाने खाज दोन दिवसांत जाणार नाही. थोडा धीर धरा. दोन दिवसांच्या आरामापायी वर्षभर खाजवत बसलेले रुग्ण मी रोज पाहतो.