ज्याचं अंगण, त्याचा पाला



मी सूतगिरणीत कार्डिंग खात्यात आहे. आमच्या खात्यात कचरा म्हणून काही नसतंच. ब्लोरूमखाली पडलेलं, कार्डिंगच्या फ्लॅट स्ट्रिप, कोंबरचा नॉइल, सगळं वेगळं भरतात, वजन करतात, वहीत चढवतात. नॉइल विकतात, त्याचं ओपन एंडचं सूत होतं, दवाखान्याचा कापूस होतो. पोतं कमी भरलं तर सुपरवायझर आमच्याकडंच बघतो.

पण अशाच पैसेवाल्यांच्या बंगल्यात आंब्याचा, बदामाचा पाला पडला की तो मात्र कचरा. का? तर तो उचलायला माझी आई आहे.

आई ठेक्यावर झाडू मारते. ठेका रस्त्याचा. फाटकाच्या आतलं एक पान तिच्या कामात नाही. तरी आतून हाक येते, 'मावशी, जाता जाता तेवढा पाला घेऊन जा की.' त्याबद्दल कधी दहा रुपये, कधी कालची चपाती. ठेकेदाराला विचारलं तर म्हणतो, बंगलेवाल्यांशी वाकडं नको. गाडीत जागा नसली की पाला रस्त्याकडंला लावून पेटवायचा. ओला पाला जळत नाही, धुमसतो. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, फुप्फुसात खोल शिरणारे कण असतात. आई रात्रभर खोकते.

मी म्हटलं, नाही म्हणायचं. ती म्हणाली, 'आरं, न्हाई म्हणायला तोंड हाय. पर उद्या हजेरी कोण लावंल?'

दहा रुपये आणि शिळी चपाती. ओळखलंत का हे? हे वतन आहे. चावडी झाडा, ढोरं ओढा, लाकडं फोडा आणि भाकर मागून न्या. त्याच वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करा म्हणून बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कौन्सिलात बिल आणलं. कनिष्ठ वतनं मोडायचा कायदा व्हायला 1958 उजाडलं. कागदावर वतन गेलं. फाटकातली हाक गेली नाही. पूर्वी पाटील हाक मारायचा, आता बंगल्यातली वहिनी मारते. तीही गोड आवाजात.

कायदा काय म्हणतो? 2016 साली घनकचऱ्याचे नियम निघाले. त्यात साफ लिहिलं, की बागेतला पाला ज्याचा त्यानं आपल्याच आवारात वेगळा साठवावा आणि पालिका सांगेल तशी त्याची वाट लावावी. रस्त्यावर टाकू नये, जाळू नये. त्याच वर्षी डिसेंबरात हरित लवादानं उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये दंड सांगितला, ढिगानं जाळला तर 25,000. छान. पण पावती फाडायची वेळ आली तर काडी कुणाच्या हातात दिसणार? आईच्या. पाला बंगल्याचा, धूर आईचा, दंडही आईचाच.

काही भले लोक म्हणतील, झाडू पवित्र आहे, सफाई ही सेवा आहे. असल्या गोडव्यांना बाबासाहेबांनी 1945 सालीच जाब विचारलाय. सेवा असेल तर करा की तुम्ही. तुमचंच अंगण आहे.

आता बोट आपल्याकडं. गेल्या जयंतीच्या आदल्या रात्री आम्ही पोरांनी विहाराचं आवार झाडलं. पिंपळाचा ढीग झाला. काडी मी ओढली. धूर शेजारच्या खोल्यांत शिरला, तान्ही पोरं रडायला लागली. राखेचं काय करायचं विचारलं तर आमच्यातलाच एक म्हणाला, 'ऱ्हाऊ दे, सकाळी झाडूवाली येईल.' ती झाडूवाली माझी आई होती. पिंपळपानावर मी चार कविता केल्यात. खाली पडलेलं पान कोण उचलतं, ते एकीतही नाही.

कोणी म्हणेल, पोरांच्या शिष्यवृत्त्या अडकल्यात, गावोगाव मारहाण होते आणि हा पाल्याचं काय घेऊन बसला? दोस्ता, जात मोठ्या गोष्टीतच राहत नाही. एकानं टाकायचं आणि दुसऱ्यानं उचलायचं, हे रोज सकाळी सात वाजता ठरतं. दुसरा म्हणेल, घाणीतून वर आलो, परत खतात हात घालू काय? पाला घाण नव्हेच. दुसऱ्याचा पाला जबरीनं उचलणं ही गुलामी. आपल्या अंगणाचा आपण उचलणं हा साधा हिशोब.

आणि काम अवघड नाही. सावलीच्या कोपऱ्यात विटांचा हौद रचा, हवेला फटी ठेवा. तीन पाट्या वाळला पाला, एक पाटी ओलं, म्हणजे हिरवं गवत, भाजीची देठं. वर थोडी माती, नाहीतर शेणकाला. पिळलेल्या फडक्याइतकी ओल ठेवा. जास्त पाणी झालं तर कुजका वास मारतो, कोरडं राहिलं तर पाला तसाच राहतो. पंधरा दिवसाला खालीवर करा. जाड फांद्या वेगळ्या काढा. चारसहा महिन्यांत काळी, मातीच्या वासाची भुगी हाताला लागते. हाच पाला डेपोत हवेवाचून दाबला की मिथेन होतो, आगी भडकतात. जानेवारी 2016 मध्ये देवनार पेटलं तेव्हा धूर गोवंडीच्या झोपड्यांनीच आधी खाल्ला.

म्हणून तीन गोष्टी. येत्या जयंतीआधी प्रत्येक विहाराच्या आवारात हौद बांधा, काडी ओढू नका. वस्तीतल्या ठेक्यावरच्या आयाबहिणींना ठेक्याचा कागद वाचून दाखवा, फाटकाच्या आतलं काम त्यात नाही हे त्यांना कळू द्या. आणि एकटीला नाही म्हणायला लावू नका, तिची हजेरी जाईल. दहाजणींनी एका सकाळी मिळून म्हणावं आणि त्या सकाळी आपण पोरांनी त्यांच्या मागं उभं राहावं.

मी रजा टाकून येतो. तुम्ही कोण कोण येता?

जय भीम.