इंधन बदललं तर नोंद, ब्रेक बदलला तर?

साप्ताहिक सदर : चाकोरी

ठाण्यात टेंभी नाक्यावर पाच मिनिटं उभं राहा. समोरून जाणाऱ्या रिक्षा बहुतेक सगळ्या सीएनजीवरच्या. ज्या गाडीत सीएनजी किट मागाहून बसवलं जातं, तिच्यासाठी सरकारनं वाट आखून दिली आहे. किट मान्यताप्राप्त हवं, बसवणारं केंद्र मान्यताप्राप्त हवं, आरसीवर इंधनाचा बदल नोंदवायचा आणि टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करायची. म्हणजे गाडी कशावर पळते ते बदलायचं असेल तर खिडकी कुठली, अर्ज कुठला, सगळं ठरलेलं. ती कशी थांबते ते सुधारायचं असेल तर मात्र अशी खिडकी नाही.

हा प्रश्न रिक्षावाल्यांचा नाही. जुन्या जीप आणि छोटे ट्रक जिवापाड सांभाळणाऱ्यांचा आहे. पुढच्या चाकांचे ड्रम ब्रेक काढून डिस्क बसवावी का, हा त्यांच्यातला जुना वाद. एक गट म्हणतो, मूळ रूपाला हात लावलात की ती गाडी उरलीच नाही. दुसरा म्हणतो, रूपाचं नंतर पाहू, आधी जीव राहू दे. मी दुसऱ्या गटातला. पण त्याच गटातल्या घाईनं काम उरकणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

आधी गाड्यांविषयी. विलिसची जीप महिंद्रानं चाळीसच्या दशकाच्या अखेरीस माझगावात जुळवायला घेतली. तिच्याच सामानावर पुढे एफसी मालिकेचा बुटका ट्रक आला. कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियरमधून डॉज आणि फार्गो निघत होते. 1973 मध्ये वाशीचा खाडीपूल सुरू होईपर्यंत मुंबईहून पुण्याला जाणारी वाहतूक ठाण्यातून, कळवा-मुंब्रा मार्गे पनवेलला जाई. त्या रस्त्यावर पळणाऱ्या या गाड्यांना चारही चाकांना ड्रम, आणि त्यात तेव्हा वावगं काही नव्हतं. रस्ता मोकळा, वेग बेताचा, आणि पुढची गाडीही तितकाच रस्ता खाऊन थांबणारी.

आज पुढची गाडी तशी थांबत नाही. एप्रिल 2019 पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे. तिच्या ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला की ती जागच्या जागी उभी राहते, आणि मागून तुमची जीप येत असते. डिस्क म्हणजे परदेशी चोचला, हेही आता कुणी म्हणू नये. नव्वदच्या दशकात कल्याण-शिळ रस्त्यावर प्रीमियरच्या कारखान्यात प्यूजो 309 बनत होती, तिला पुढे डिस्कच होत्या. खरं तर दोन्ही ब्रेक एकाच वयाचे. फ्रेडरिक लँचेस्टरनं इंग्लंडमध्ये डिस्कचं पेटंट घेतलं ते 1902 मध्ये, आणि फ्रान्समध्ये लुई रेनोचा ड्रमही त्याच वर्षीचा. धुळीच्या रस्त्यांवर उघडी डिस्क टिकेना, म्हणून झाकलेला ड्रम पुढे गेला. 1953 मध्ये ल मान्सची 24 तासांची शर्यत जॅग्वारनं डिस्कवर जिंकली, 1955 मध्ये सिट्रोएन डीएस डिस्क घेऊन बाजारात आली, आणि पारडं फिरलं.

ते का फिरलं, याचं उत्तर उष्णतेत आहे. दोन टनांचा भरलेला पिकअप ताशी 60 किलोमीटरवरून थांबवायचा तर ब्रेकनं सुमारे 278 किलोज्यूल ऊर्जा पचवावी लागते. हाच वेग 30 असता तर तिचा चौथा हिस्सा. आता तो पिकअप खंडाळ्याहून खोपोलीला उतरवा. उतार साधारण 500 मीटर उंचीचा. सगळं ब्रेकवर टाकलं तर ती ऊर्जा 60 वरून पस्तीस वेळा थांबण्याइतकी होते. म्हणून जुने ड्रायव्हर घाटात गिअर पाडून इंजिनाला गाडी धरायला लावतात. जे ते करत नाहीत त्यांचा ड्रम तापतो, फुगतो आणि शूपासून लांब जातो. लायनर पकड सोडतो. पेडल खाली खाली जायला लागतं. डिस्क तापली की उलट पॅडच्या दिशेनं जाड होते, शिवाय उघड्यावर असल्यानं वाऱ्यानं लवकर निवते.

दुसरं कारण आपल्या पावसाचं. वंदना टॉकीजच्या परिसरात पाणी तुंबलं की त्यातून काढलेल्या जीपच्या ड्रममध्ये पाणी शिरतं आणि पुढचे काही ब्रेक नुसते घसरतात. त्यातही एका बाजूचा ड्रम आधी सुकला तर गाडी तिकडेच खेचली जाते. डिस्कवरचं पाणी फिरण्यानंच उडून जातं, राहिलेलं पॅड पुसून काढतो.

पण ड्रमच्या विरोधात खोटी साक्ष नको. नीट जुळवलेला ड्रम एका दणक्यात चाक जाम करू शकतो. मग गाडी किती अंतरात थांबेल ते टायर ठरवतं, डिस्क नव्हे. अरुंद, कडक झालेल्या जुन्या टायरवर डिस्क बसवून पहिल्या ब्रेकला काही मोठा चमत्कार होत नाही. डिस्कचा फायदा दिसतो तो दहाव्या ब्रेकला, उतारावर, पाण्यात आणि सरळ रेषेत थांबण्यात.

आता भांडणाचा मुद्दा. गॅरेजमध्ये डिस्क बसवणं म्हणजे बहुतेकदा नंतरच्या एखाद्या गाडीचे हब, डिस्क आणि कॅलिपर आणून पुढे जोडणं. संध्याकाळी काम संपतं, मेस्त्री एक चक्कर मारून येतो, ‘मस्त लागतोय’ म्हणतो आणि बिल होतं. निम्मं काम तिथं राहिलेलं असतं.

ड्रममधला पुढचा शू फिरत्या ड्रमबरोबर ओढला जाऊन स्वतःहून जास्त घट्ट बसतो. ही फुकटची मदत डिस्कला मिळत नाही. तिला दाब जास्त लागतो, म्हणजे बूस्टर आला. तो इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो, आणि डिझेल इंजिनात व्हॅक्यूम आपोआप मिळत नाही, म्हणजे व्हॅक्यूम पंप आला. कॅलिपरच्या मोठ्या पिस्टनला तेल जास्त लागतं. जुन्या मास्टर सिलिंडरवर पेडल फळीला टेकतं. ड्रमच्या मास्टरमध्ये लाइनला थोडा दाब धरून ठेवणारा चेक व्हॉल्व असतो. तो तसाच राहिला तर पॅड डिस्कला घासत राहतात आणि चाक तापतं. पुढे ताकद वाढली की मागचे ड्रम किती लागावेत याचा तोल नव्यानं साधावा लागतो. मागची चाकं आधी जाम झाली तर आखूड जीप गर्रकन फिरते. कॅलिपर रिममध्ये मावतो का, स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर रबरी पाइप कुठं घासतो का, हे वेगळंच.

या सगळ्याच्या आधीही एक काम आहे. जुन्या जीपला मास्टर सिलिंडर एकेरी असतो. चारपैकी एका चाकाचा पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. विलिसचा हँडब्रेकही चाकांवर नसतो, ट्रान्स्फर केसच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर असतो. चालत्या गाडीत त्याच्यावर भिस्त ठेवू नये. म्हणून माझा क्रम असा : आधी दुहेरी मास्टर, नवे पाइप आणि ताजं ब्रेक ऑइल, मग चांगले टायर, मग डिस्क. पैसे पहिल्या दोहोंपुरतेच असतील तर तिथंच थांबा. अर्धवट डिस्कपेक्षा नीट ड्रम केव्हाही बरा.

आणि कायदा? मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीवरचा तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करू नका. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ठामपणे उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी 2021 मध्ये ‘व्हीए’ मालिकेची विंटेज नोंदणी आली. तिथं मोठे फेरबदल म्हणून चॅसिस, बॉडी आणि इंजिनाचा उल्लेख आहे, ब्रेकचा नाही. म्हणजे डिस्क लावणारा ठळकपणे गुन्हेगारही नाही आणि निर्धास्तही नाही. अपघातानंतर विमा कंपनीनं ‘हे कुणाच्या परवानगीनं?’ विचारलं, तर त्याच्या हातात गॅरेजच्या बिलापलीकडे काही नसतं. चांगलं काम करणारा आणि जुगाड करणारा, दोघं कागदावर सारखेच.

वाट काढणं अवघड नाही. 2019 च्या त्याच दुरुस्तीनं असे बदल कोणत्या अटींवर मान्य करावेत हे ठरवण्याचा अधिकार केंद्राला दिला आहे. तो ब्रेकसाठी वापरावा. ज्या जुन्या मॉडेलची गाडी रस्त्यावर बरीच आहे, तिचं पूर्ण किट, बूस्टर आणि मास्टरसकट, पुण्याच्या एआरएआय या वाहन-तपासणी संस्थेनं तपासावं. बसवल्यावर स्वयंचलित तपासणी केंद्रात गाडी रोलरवर चढवावी; तिथं प्रत्येक चाकाची पकड वेगळी मोजता येते. उतरली कसोटीला, तर आरसीवर एक ओळ वाढवावी. मूळ रूपाच्या कैवाऱ्यांनीही याला विरोध करू नये. नटबोल्टवर बसलेलं किट उद्या काढता येतं. काढलेले ड्रम, बॅकप्लेट आणि शू तेल लावून जपून ठेवले की प्रदर्शनासाठी गाडी पुन्हा जशीच्या तशी उभी राहते.

त्याच रोलरवर ड्रमच्या गाड्याही चढवाव्यात, अशी माझी पुढची मागणी आहे. बॉनेटखालचं इंजिन मूळचं आहे की नाही, हा मालकाच्या हौसेचा विषय. गाडी किती अंतरात थांबते, हा झेब्रा क्रॉसिंगवरून चालणाऱ्याच्या हक्काचा विषय आहे, आणि तो आकडा कागदावर असलाच पाहिजे.

— चाकोरीकार